इहीणबाईंच्या पहाडीवर

विहीण या नात्याबद्दल आमच्या कऱ्हाड भागात कुणी चांगलं बोललेलं मी फारसं ऐकलेलं नाही. मान कमी पडला तर ती रुसते, जास्त झाला तर नाक मुरडते, एवढंच लहानपणापासून कानावर. त्यामुळे आठवडाभर विहिणीकडे राहायला जाते म्हटल्यावर आमच्या गल्लीतल्या बायकांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "तिथं जाऊन करणार काय?" एकीनं विचारलं. "घारी मोजणार," मी म्हटलं.

खरं तेच सांगितलं होतं. माझी सून पूर्वा भंडारा जिल्ह्यातल्या सिहोऱ्याची. तिची आई प्रमिलाबाई, त्यांनी सगळी नोकरी आरोग्य उपकेंद्रात परिचारिका म्हणून केलेली. लग्नात मानाची पैठणी द्यायची वेळ आली तेव्हा मी त्यांना माझी जुनी दुर्बीण दिली. मांडवात कुजबुज झाली, माझ्या जावेनं तर कपाळावर हात मारला. प्रमिलाबाईंनी मात्र ती तिथंच डोळ्यांना लावून मांडवाच्या खांबावरचा कावळा पाहिला. निवृत्त झाल्यावर त्यांनी तीच दुर्बीण घेऊन गावामागच्या टेकडीवर बसायला सुरुवात केली.

हिवाळ्यात आपल्याकडे उतरलेले शिकारी पक्षी, म्हणजे भोवत्या, खरुची, नेपाळी गरुड आणि उत्तरेकडच्या घारी, होळीनंतर परत निघतात. ऊन तापलं की टेकडीच्या उतारावरून गरम हवा वर चढते. त्या हवेवर हे पक्षी गोल गोल फिरत उंच जातात आणि मग पंख न हलवता पुढं घसरतात. असली टेकडी सापडली की एका जागी बसून त्यांची वाट राखता येते, आणि दरवर्षी मोजलं तर कोण वाढतंय, कोण संपत चाललंय ते कळतं.

प्रमिलाबाई दोन वसंत मोजत होत्या. पण राज्यभरच्या मोजणीचं काम पाहणाऱ्या मंडळींनी त्यांचे आकडे गोड शब्दांत बाजूला ठेवले: आकडे उत्साहवर्धक आहेत, पण खात्रीचे म्हणता येत नाहीत. यंदा कुणीतरी बाहेरच्या जिल्ह्यातल्या अनुभवी माणसानं सोबत बसून खात्री दिली तरच ही टेकडी कायमच्या ठाण्यांत धरली जाणार होती, नाहीतर नाव कटणार. मी पंधरा-वीस वर्षं साताऱ्याच्या पठारांवर पक्षी मोजते, म्हणून त्या मंडळींनी मला फोन करून विचारलं. मी सरळ सांगितलं, की ती माझी विहीण आहे. पलीकडचे गृहस्थ हसले. म्हणाले, "मग तर बरंच. विहीण विहिणीचा आकडा फुगू देणार नाही."

सिहोरा

कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी गाडी अख्खा महाराष्ट्र आडवा कापते. त्या प्रवासाचं वर्णन करून तुमचा जीव खात नाही. तुमसर रोडला उतरून सिहोऱ्यात पोहोचले तेव्हा दारात प्रमिलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या.

"जयभीम, इहीणबाई. या जी, बसा. गाडीनं लय तपवलं असन?"

तिकडे विहिणीला इहीण म्हणतात आणि वाक्याला 'जी' लावतात. तो 'जी' कानावर पडला की शिणवटा निम्मा उतरतो. आमच्याकडं पाहुण्याला "काय, बरं हाय न्हवं?" असं दरडावून विचारायची पद्धत आहे, प्रेम त्यातच समजून घ्यायचं.

ओसरीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, खाली भिंतीला टेकून धानाच्या पोत्यांची थप्पी. गावात जयंतीची तयारी सुरू झालेली, निळ्या पताका अजून गठ्ठ्यातच होत्या. रात्रीच्या जेवणात भात, लाखोरीची डाळ आणि सुक्या झिंग्यांची चटणी. सकाळी फोडणीचा भात. दुपारी डब्यात पुन्हा भात. आमच्याकडं भात जेवणाच्या शेवटी येतो, तोही 'घेतेस का थोडा' म्हणून. इथं तो आल्यापासून जाईपर्यंत पानात असतो. दुसऱ्या दिवशी मी हळूच भाकरीचा विषय काढला. "करून देतो ना जी," प्रमिलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी तांदळाची भाकर केली. चटणी मात्र अशी होती की मी बोटं चाटली, आणि चाटताना त्यांनी पाहिलं.

पहाडी

टेकडीला तिकडे पहाडी म्हणतात. उंची आमच्या सह्याद्रीला हसू येईल अशी, पण सपाट मुलखात तीच राजा. वर बसलं की खाली तलाव, त्यापलीकडे कालव्याच्या पाण्यावर वाढलेलं उन्हाळी धान हिरवंगार, आणि उत्तरेला बपेऱ्याकडे जाणारा रस्ता. बपेऱ्यानंतर मध्य प्रदेश. त्या दिशेला एक मोबाइलचा टॉवर दिसतो. पक्ष्यानं तो टॉवर ओलांडला की मोजायचा, तोवर नाही, हा प्रमिलाबाईंचा नियम.

त्यांच्यासोबत निशा असते. ही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, तिशीची, बोलायला तिखट, सुट्टी टाकून आलेली. दोघींची कामं वाटलेली. प्रमिलाबाई आभाळावरची नजर काढत नाहीत, फक्त आकडा पुकारतात. निशा आभाळाकडे बघतच नाही. ती दर पक्ष्याला एक चिंचोका पोत्यातून उचलून टोपलीत टाकते. घारींची टोपली वेगळी, भोवत्यांची वेगळी, बाकीच्यांची तिसरी. खळ्यावर धान मोजतात त्याच रीतीनं: एकजण मापानं ओततो, दुसरा खूण ठेवतो, म्हणजे चूक झाली तर दोघांची मिळूनच होईल.

मी बोटानं टकटक दाबायचं मोजणीयंत्र नेलं होतं. निशानं ते हातात घेतलं, दोनदा दाबलं आणि परत दिलं. "छान आहे जी. पण यात घार कोणती आन् गरुड कोणता, हे कसं कळन?" मी यंत्र पिशवीत टाकलं.

पहिला पक्षी आला तो एक नर भोवत्या. राखाडी, पंखांची टोकं काळी, धानावरून तरंगत तलावाच्या कडेनं चढला आणि टॉवरच्या पुढं गेला.

"लाभ!" प्रमिलाबाईंनी पुकारलं.

धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, ही रीत माझ्या आजोळीही होती. पण ती पक्ष्याला लावलेली मी पहिल्यांदाच ऐकली, आणि मला ती फार आवडली. मागोमाग दोन, तीन अशी मोजणी चालू झाली. दोन दिवसांत टोपल्यांचे तळ कसेबसे झाकले गेले. निशा सारखी टोपलीत डोकावायची. मला पोरीची घालमेल कळत होती. एवढ्याशा आकड्यावर टेकडी ठाण्यांत धरली जाईल का, हा तिचा प्रश्न होता, आणि खरं सांगायचं तर माझाही.

धूर

तिसऱ्या दिवशी सकाळ कोरडी गेली. आभाळ मळकट. दहाच्या पुढं ऊन चढलं आणि पहाडीच्या मागच्या बाजूनं एक घार वर आली. मग चार. मग इतक्या, की मी उभी राहिले. घारींचा भोवरा आमच्या डोक्यावर चढत होता, खालून नव्या येतच होत्या. मी शाळेत खेळाची शिक्षिका होते, मैदानावर ओरडायची सवय जात नाही. मी पुकारायला लागले, दहा, वीस, तीस, आणि माझ्या आवाजाला निशाचे हात पुरेनात. ती मुठीनं चिंचोके टाकत होती. दोनशेच्या पुढं गेलो तेव्हा निशा आनंदानं हसत होती आणि मी तिच्या पाठीवर थाप मारली. हा आकडा कोण बाजूला ठेवतो ते बघू, असं मी म्हणालेसुद्धा.

प्रमिलाबाईंनी दुर्बीण खाली केली.

"इहीणबाई, टॉवरच्या पुढं किती गेल्या?"

"चढतायत ना अजून. जातील."

"जातीन त जातीन. गेल्या किती, ते सांगा."

मी टॉवरकडे पाहिलं. तिकडचं आभाळ रिकामं होतं.

तेवढ्यात वास आला. आम्ही तिघी पहाडीच्या मागच्या कडेला गेलो. खाली मोहाची सात-आठ मोठी झाडं, आणि त्यांच्या बुडाशी पाला जळत होता. मोहफुलं पहाटे गळतात. पाल्यात ती दिसत नाहीत, म्हणून फुलं वेचणारे झाडाखालचा पाला आधी जाळून घेतात. आगीतून नाकतोडे आणि उंदीर पळतात, त्यांच्यासाठी आसपासच्या मुलखातल्या घारी गोळा होतात. झडप घालायची, धुराच्या उबेवर वर यायचं, पुन्हा खाली जायचं. कुठंही जायच्या नव्हत्या त्या. आमच्या दोनशे घारी म्हणजे गावच्याच पन्नास-साठ घारी पुन्हा पुन्हा वर आलेल्या.

आणि खाली काठी घेऊन आग राखत उभे होते ते प्रमिलाबाईंचे सख्खे दीर, सुखदेवभाऊ. त्यांनी आम्हाला पाहून हात हलवला.

प्रमिलाबाई परत आल्या, घारींची टोपली उचलली आणि पोत्यात उपडी केली. चिंचोक्यांचा तो सरसर आवाज मला सहन झाला नाही.

"अहो थांबा," मी म्हटलं. "त्यात कालच्या-परवाच्या खऱ्या घारी आहेत की!"

"कालच्या-परवाच्या एकोनीस. त्या निशाले पाठ आहेत. तेवढे टाक वो परत." निशानं मान खाली घालून एकोणीस चिंचोके मोजून टाकले. तिचे डोळे भरले होते.

"काहून रडून राहिली? कोनी मेलं का?"

"एवढ्याच राहिल्या तर नाव कटन ना आपलं," निशा म्हणाली.

मग मीच तोंड उघडलं, आणि आता आठवलं की कान गरम होतात. मी म्हटलं, यातल्या काही तरी उत्तरेच्या असतीलच, अगदीच सगळ्या कशाला काढायच्या, निम्म्या धरू. तपासायला आलेली मी, आणि सूट देणारीही मीच.

प्रमिलाबाईंनी माझ्याकडे रागानं पाहिलं नाही. "इहीणबाई," त्या म्हणाल्या, "म्या उपकेंद्रात जल्मभर लेकरं तोलली. दोन किलो भरलं त दोनच लिवाचं. अडीच लिवून लेकरू जाड होत नाई. उलट त्याचा अंगणवाडीचा खाऊ बंद होते."

मला त्या क्षणी त्यांचा अभिमान वाटला. माझ्या नातवंडांच्या अंगात हिचं रक्त असणार, असं मनात आलं आणि फार बरं वाटलं.

दुपार कलताना धूर विरला. एक खरुची, कबुतराएवढी, पहाडीवर क्षणभर पंख फडफडवत एका जागी थांबली आणि टॉवरच्या पुढं निघून गेली.

"लाभ," प्रमिलाबाई म्हणाल्या. निशानं नाक पुसलं आणि चिंचोका टाकला.

खराटा

संध्याकाळी आम्ही सुखदेवभाऊंच्या अंगणात गेलो. मला वाटलं होतं, आता दीर-भावजयीचं जुंपणार. आमच्याकडं जुंपलं असतं. प्रमिलाबाईंनी आधी चहा घेतला, नातवाचा ताप विचारला आणि मग म्हणाल्या, "भाऊजी, चार दिवस पाला नका जारू."

"पाला नाई जाराचा त फूल दिसन कसं वहिनी?" सुखदेवभाऊ खरोखरच गोंधळले. "सकाळी उशीर झाला का गाई-ढोरं खाऊन टाकतेत. म्या फूल वेचू का तुमच्या घारी मोजू?"

त्यांचं काही चुकत नव्हतं. वर्षाचा मीठमसाला त्या फुलांवर निघतो. प्रमिलाबाई म्हणाल्या, "आमी झाडून देतो."

"कोन झाडन?"

"मी, निशा आन् ह्या."

'ह्या' म्हणजे मी. सुखदेवभाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या मिशीत हसू आलं. "पाव्हनीबाई खराटा धरन? मंग त पाहाच लागते. पण ह्याच मोजनीपुरतं हां. पुढच्या सालचं पुढं पाहू."

असं मला कुणी डिवचलं की मी ऐकत नसते. दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजूला आम्ही तिघी बांबूच्या काड्यांचे खराटे घेऊन मोहाखाली हजर. सुकलेला पाला घोट्याएवढा. तो झाडाभोवती गोल झाडत बाहेर न्यायचा, जोरात झाडला तर फुलंही जातात, हळू झाडला तर पाला हलत नाही. दुसऱ्याच झाडाला माझ्या तळहातावर फोड आले. वरून टप टप फुलं पडत होती, एक माझ्या मानेवरून पोलक्यात गेलं. तो गोड, आंबुस, जडसर वास माझ्या सुती साडीतून दोन धुण्यांनंतरही गेला नाही. प्रमिलाबाईंच्या जाऊबाई आमच्यामागून टोपलीत फुलं वेचत होत्या, पिवळसर, रसानं टच्च भरलेली. त्यांनी एक मला खायला दिलं. "दोनापेक्षा जास्त खाऊ नका जी, पहाडीवर एकाचे दोन दिसतीन," त्या म्हणाल्या, आणि आम्ही सगळ्याच हसलो.

सुखदेवभाऊंनी झाडलेली जमीन फिरून पाहिली. "मास्तरीनबाईले जमलं," ते म्हणाले. मला आयुष्यात ढाली मिळाल्या, प्रशस्तिपत्रं मिळाली. ही शाबासकी त्यांच्या बरोबरीची आहे.

बपेऱ्याच्या दिशेनं

त्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं होतं. पहाडीवर पोहोचेपर्यंत ऊन चढलेलं. पहिल्यांदा भोवत्या पक्षी आले, एकटे-दुकटे, धानावरून. मग ते चढून एकामागून एक टॉवरकडे घसरू लागले. एक नेपाळी गरुड आला, रुंद, तपकिरी, घाई नसलेला. त्याची सावली आमच्या अंगावरून गेली तेव्हा निशानं नियम मोडून वर पाहिलं. प्रमिलाबाईंनी तिला दटावलं नाही. दुपारी घारी आल्या. गोल फिरल्या, वर चढल्या आणि या वेळी रांगेनं निघून गेल्या, बपेऱ्याच्या दिशेनं, टॉवरच्या पुढं, मध्य प्रदेशात. प्रत्येक घारीला प्रमिलाबाईंचा सावकाश आवाज आणि त्यामागं टोपलीत एक टक्.

संध्याकाळी टोपल्या मोजल्या. बेचाळीस घारी, एकवीस भोवत्या. आदल्या दिवशी पोत्यात उपड्या केलेल्या आकड्याच्या पासंगालाही न पुरणारा आकडा. पण यातल्या प्रत्येकासाठी मी कुणाच्याही समोर शपथ घेतली असती.

निघायच्या सकाळी प्रमिलाबाईंनी साडी, तांदूळ आणि झिंग्यांची चटणी बांधून दिली. मी म्हटलं, "अजून एक पाहिजे. त्या पोत्यातले मूठभर चिंचोके."

"कायले जी? तुमच्याकडं चिंचा नाईत का?"

"द्या तर."

कऱ्हाडला आल्यावर त्या मंडळींचा फोन आला. गृहस्थांनी विचारलं, "एकूण आकडा किती?" मी म्हटलं, "आधी रद्द केलेला ऐका," आणि तिसऱ्या दिवसाचं सगळं सांगितलं, निम्म्या धरू म्हणणारी कोण होती तेही. मग ते म्हणाले, "असं कुणी सांगत नाही हो आम्हाला." सिहोऱ्याची पहाडी ठाण्यांत धरली गेली. मी लगेच प्रमिलाबाईंना फोन लावला. त्या इतकंच म्हणाल्या, "मंग पुढच्या साली दोन खराटे जास्त लागतीन," आणि मागून निशाची किंकाळी ऐकू आली.

परवा गल्लीतल्या बायका आल्या होत्या. "विहिणीनं काय दिलं मानाचं?" त्यांनी विचारलं. मी काचेचं कपाट उघडलं. तिथं माझ्या खेळांच्या ढाली आहेत, आणि त्यांच्या पुढं एका वाटीत चिंचोके.

"हे कसले?"

"आमच्या इहीणबाईंनी न मोजलेल्या घारी," मी म्हटलं, आणि कपाटाची काच पदरानं पुसली.